कुंकू लावेपर्यंत गाडी सुटली

लेकीचं बाळंतपण करायला जपानला गेले होते म्हटलं की लोक आधी विमानाचं विचारतात. विमानात सांगण्यासारखं काही नाही. बसायला अडचण, खायला बेचव, आणि उतरेपर्यंत पाय सुजतात. सांगण्यासारखी आहे ती तिथली विमानतळाची गाडी. विजेवर चालणारी एक्स्प्रेस. तिच्यात मी दोनदाच बसले, एकदा पोचल्यावर आणि एकदा परत निघताना. पोचल्या दिवशीचं फार आठवत नाही, डोळ्यांवर झोप होती. परतीचं मात्र सगळं आठवतं, कारण त्या दिवशी आम्ही मायलेकींनी घोळ घातला. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकीला तो वेगवेगळा सांगून मला कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा लिहिणं जसं येईल तसं येईल.

मी लालबागला राहते. चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. नवरा कॉटन ग्रीनच्या गोदामात कारकून होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी एकच. ती शिकली, नोकरी धरली, नोकरीनं तिला जपानला नेलं. नागोया म्हणून शहर आहे, तिथे. मग तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न केलं. लग्न म्हणजे कचेरीत जाऊन कागद दिला, झालं. मला फोनवर मुलगा दाखवला. गोरा, चष्मेवाला, सारखा मान लववणारा.

मी विचारलं, "दारू पितो का?"

"आई, इथे सगळेच थोडी थोडी पितात."

"मग हरकत नाही. लपून पिणारा नको."

मजल्यावर महिनाभर तोच विषय. माझी शेजारीण सावंतवाडीकडची, तिचं तोंड कधी मिटलेलं मी पाहिलेलं नाही. ती म्हणायची, "काय गो, जपानची विहीण गावली तुका. मानपानाक साडी देतलंस की तांचो तो झगो?" मी म्हणायचे, "तुझ्या विहिणीला तू जे दिलंस तेच देईन. टोमणे." यावर सगळ्या हसायच्या, तीही हसायची.

मग लेकीला दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिथल्या डॉक्टरनं विमानप्रवासाला नको म्हटलं, आणि खरं तर तिलाही तिथेच बरं वाटत होतं. म्हणून माहेर उठून तिच्याकडे गेलं. लालबागच्या बाजारातून डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेप घेतली. गिरगावातल्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, बाळगुटीचं सगळं सामान घेतलं. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली. लेकीनं फोनवर बजावलं, "आई, धुरी द्यायची नाही हं. इथे धुराला छतात घंटा वाजते, खालून माणसं धावत येतात." मी निखारा नाही म्हणून रुसणारी बाई नाही. म्हटलं, "नाही देत. पण तेल मी आणणार."

आता मूळ गोष्ट. लेकीची नोकरी कंत्राटी होती. पोर सहा महिन्यांचं झालं की तिला हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा जाणार. पाळणाघरात नंबर लागलेला नव्हता, लागेल याचा भरवसाही नव्हता. मी ठरवूनच गेले होते की पोर सहा महिन्यांचं झालं की लालबागला आणायचं, वर्ष दीड वर्ष मी सांभाळायचं. आमच्याकडे किती जणींनी असं केलंय. पोरं इथे वाढतात, आईबाप तिकडे कमावतात, पोर चालायला-बोलायला लागलं की परत नेतात. चाळीतली अर्धी पोरं माझ्या पायांवर न्हायली आहेत, मग माझाच नातू का नको? मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बघू." जावयाला विचारायला लावलं, तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा. विहीणबाईंना कुणी विचारलंच नाही. त्या त्याच शहरात राहायच्या, रोज सकाळी यायच्या आणि संध्याकाळी जायच्या.

विहीणबाई माझ्याच वयाच्या. अंगानं चिमणीएवढ्या. आपण काही बोललो की एकदम "हाय" म्हणायच्या. त्यांच्यात हाय म्हणजे हो. मला 'ओकासान' म्हणायच्या, म्हणजे आई. मी त्यांना विहीणबाई म्हणायचे. याच्यापलीकडे आमच्यात भाषा नव्हती. त्यांच्यातही पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, हे मला लेकीनं सांगितलं. म्हणूनच त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघर आणि पोराची खोली मला मोकळी करून दिली आणि स्वतः बाहेर भांडी पुसत बसल्या. हे मला आवडलं. बाकी त्या मला फारशा आवडत नव्हत्या. पोराची आणखी एक आजी असावी यातच मला अडचण वाटत होती, त्यांचा दोष काही नव्हता.

मी पहिल्यांदा पोराला पायांवर घेऊन तेल लावलं, हातपाय ओढले, उलटं करून पाठ चोळली, तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी दातांतून श्वास आत ओढला, इतका मोठा की मला ऐकू आला. त्यांची पद्धत म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या टबात कोमट पाणी, पाण्यात गरमी बघायची कांडी, आणि पोराला असं धरायचं की जणू काचेचं आहे. मला हसू आलं. लेक मध्ये उभी राहून दोन्हीकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी विहीणबाई टॉवेल घेऊन माझ्या शेजारी बसल्या. पोर माझ्या पायांवरून उचललं की त्या टॉवेलात घ्यायच्या. असं आमचं काम वाटलं गेलं.

महिन्यानं पोराला देवळात नेलं. तिथे त्यांची रीत अशी की बापाच्या आईनं पोर हातात घ्यायचं. त्यांनी पोराच्या अंगावरून एक भारी रेशमी कापड टाकून घेतलं आणि ताठ चालत गेल्या. मी मागून चपला सांभाळत. चपला काढायच्याच नव्हत्या हे मला नंतर कळलं. मी आपल्या सवयीनं पायरीशी काढून हातात घेतल्या होत्या आणि थंडीत मोज्यांवर चालत होते. लेक म्हणाली, "आई, घाल गं त्या." मी म्हटलं, "देऊळ आहे." विहीणबाईंनी वळून माझ्या पायांकडे बघितलं. मग पुढे फरशी लागेपर्यंत त्या हळू चालल्या, माझ्या बाजूनं, खडे नसलेली कड मला सोडून. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

दिवस संपत आले. लेकीचं 'बघू' तसंच होतं. मी तिला रोज काही ना काही ऐकवायचे. लालबागला पोराला भाषा येईल, चार पोरांत खेळेल. इथे या लिफ्टच्या घरात दिवसभर कुणाचं तोंड दिसत नाही. आणि तुझी सासू, चांगली आहे, पण नाजूक आहे. पोर रडलं की काय करणार? ती दुपट्यांच्या घड्या घालत राहायची. विहीणबाईंनी दोन वेळा बाटलीनं दूध द्यायचा प्रयत्न केला, पोरानं थुंकून टाकलं. मी म्हटलं, "आईचं आहे तर बाटली कशाला?" बाटली कपाटात गेली.

निघायच्या दिवशी जावई कामावर होता. घरात आधीच निरोप घेऊन गेला. आम्ही तिघी आणि पोर स्टेशनवर गेलो. तिथून पुढे ती गाडी कुठेच थांबत नाही, थेट विमानतळावर. विमानतळ समुद्रात भर घालून बांधलाय. गाडी पूल ओलांडून तिथे जाते.

गाडी आली. पांढरी, पुढून निळी, टोकाला उतरती, धुतल्यासारखी स्वच्छ. आवाज नाही म्हटलं तरी चालेल. लेकीनं आठ दिवस आधीपासून मला सांगून ठेवलं होतं, "आई, गाडी इथे क्षणभर थांबते. तुझी जागा ठरलेली आहे, तू फक्त आत जाऊन बस." हे मला पाठ होतं.

पण आमच्याकडे माणूस निघालं की सोडायला आलेला फलाटावर उभा राहत नाही, आत चढतो. दादरला कोकणची गाडी लागली की जाणारे चार आणि चढणारे दहा. बॅग सीटखाली तोच सरकवणार, पाण्याची बाटली हातात देणार, समोरच्या अनोळखी माणसाला "जरा लक्ष ठेवा हो, म्हातारी आहे" सांगणार, आणि गाडीनं हिसका दिला की सावकाश उतरणार. खालून नुसता हात हलवणाऱ्याला आमच्यात कोरडा म्हणतात. लेक सात वर्षं जपानात राहिलेली. तिथे तिचं कधी काही चुकलं नव्हतं. पण माझी बॅग जड होती आणि तिनं पोर सासूकडे दिलं, बॅग उचलली आणि माझ्यामागून आत शिरली. लालबागचीच ती शेवटी.

बॅग जागेवर ठेवली. "बस आता आई, मी उतरते."

आणि मला आठवलं. सकाळी पोर रडत होतं म्हणून घरातून निघताना तिला कुंकू लावायचं राहिलं. लेकुरवाळ्या लेकीला कुंकू न लावता मी निघणार नव्हते. मी विधवा आहे, कुणी म्हणेल तुझ्या हातचं कसं चालतं. माझ्या लेकीला माझ्या हातचं चालतं.

"थांब. कुंकू राहिलं."

"आई, वेडी आहेस का! गाडी सुटेल."

"कुंकवाला किती वेळ लागतो?"

मी पर्समधून करंडा काढला. झाकण घट्ट बसलेलं. दातानं काढलं. लेकीनं वैतागून कपाळ पुढे केलं. माझं बोट टेकलं आणि दारं मिटली. ना शिट्टी, ना हिसका. गाडी चालू लागली ते आम्हाला खिडकीबाहेरचा खांब सरकला तेव्हा कळलं.

फलाटावर विहीणबाई मला निरोप द्यायला कमरेतून वाकल्या होत्या, पोराला छातीशी धरून. त्या सरळ झाल्या आणि काचेत त्यांना सून दिसली. तोंड उघडं राहिलं त्यांचं. त्या धावल्या नाहीत. पोराचं डोकं त्यांनी हातानं झाकलं, वारा लागू नये म्हणून, आणि तेवढ्यात फलाट संपला.

लेक दाराशी जाऊन काचेला हात लावून उभी राहिली. मग परत आली. अर्धं कुंकू नाकावर सांडलेलं.

"आई, तू ना..."

"फोन कर तिला."

तिनं खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. फोन पोराच्या पिशवीत होता, आणि पिशवी सासूच्या खांद्यावर.

"नंबर पाठ असेल."

"कुणाला पाठ असतात आई आता नंबर!"

मला आमच्या चाळीतल्या वाण्याचा जुना नंबर अजून पाठ आहे, पण त्याचा उपयोग नव्हता.

समोर एक पडदा होता. त्याच्यावर मोटरमनला पुढचं जे दिसतं ते दाखवतात. रूळ अंगावर येत होते, घरं बाजूला पळत होती. गाडी वळणावर अंग झुकवायची, हातातलं पाणीही हललं नसतं इतकं अलगद. मला ती आवडली. वेळ चुकीची होती, पण आवडली. लेक त्या पडद्याकडेच बघत होती, जणू बघून बघून पुढे एखादं स्टेशन उगवेल.

"मध्ये कुठे थांबवता येत नाही?"

"नाही."

"साखळी?"

"आई, प्लीज. साखळीबिखळीला हात लावू नकोस."

तिकीट बघणारी मुलगी आली. टोपी, पांढरे हातमोजे. वय फार तर पंचविशीतलं. लेकीनं तिला घडाघडा सांगितलं. ती ऐकताना मान हलवत होती. मध्येच तिनं लेकीच्या कपाळाकडे बघितलं. रक्त आहे असं वाटलं असणार. लेकीनं हातरुमालानं नाक पुसलं, कुंकू मात्र ठेवलं. ती मुलगी वाकली आणि भरभर पुढच्या डब्याकडे गेली. लेक म्हणाली, "ती मागच्या स्टेशनला कळवायला सांगते. उत्तर विमानतळावर पोचल्यावर मिळेल."

"दूध कधी पाजलंस?"

"निघताना. पण पोटभर नाही प्यायला, अर्ध्यातच झोपला."

"म्हणजे उठेल."

"उठेल आणि रडेल. बाटली घेत नाही तो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सवयच लावू दिली नाहीस."

मी पर्समधून डिंकाचा लाडू काढून तिच्यासमोर धरला. तिनं घेतला नाही. हात अंगाशी घट्ट धरून बसली होती, दूध दाटलेल्या बाईसारखी. ते मला बसल्या जागी कळत होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, खरं सांग. त्या सांभाळतील ना त्याला?"

आता हे मी नीट सांगते. महिना-दीड महिना मी याच प्रश्नाची वाट बघत होते. तिनं हा विचारावा म्हणून तर रोज एकेक खडा टाकत होते. आता मी नुसतं "काय माहीत बाई" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ती घाबरलेली होती, पोर तिच्या हातात नव्हतं. त्या घटकेला जे तिच्या मनात बसलं असतं ते कायमचं बसलं असतं, आणि सहा महिन्यांचं झाल्यावर पोर लालबागला आलं असतं.

पण मला एक दुपार आठवली. पोराच्या पोटात कळ आली होती. मी हिंग लावला, गुटी उगाळली, पायांवर घेतलं, पोटावर पालथं घातलं. तो निळा होईपर्यंत रडत होता. लेक आत थकून झोपली होती. माझे हात भरून आले, माझी चिडचिड व्हायला लागली. विहीणबाई आल्या, दोन हात पुढे केले, मी पोर दिलं. सुटले, असं वाटलं मला. त्या घरातल्या बोळातून येरझाऱ्या घालायला लागल्या. मागून एका लयीत थोपटत, तोंडानं काहीतरी बारीक गुणगुणत. मी स्वयंपाक उरकला, भांडी घासली, तरी त्या चालतच होत्या. मग पोर झोपलं. त्यांनी खाली ठेवलं नाही. ठेवलं की उठतो, हे त्यांना कळलं होतं. भिंतीला टेकून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे थरथरत होते. मला गुडघ्यांचं चांगलं कळतं. मी खुर्ची सरकवली. त्यांनी मानेनंच नको म्हटलं, वाकलं की तो उठला असता.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मग लेकीला दुसरं काय सांगणार?

म्हटलं, "सांभाळेल. माझ्यापेक्षा बरी सांभाळेल. तिला घाई नसते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे तू म्हणतेस?"

"तू विचारलंस."

बाहेर घरं संपली होती. गाडी पुलावर आली. दोन्हीकडे पाणी, गाडी पाण्यावरूनच चालल्यासारखी. समुद्र आमच्या शिवडीच्या बाजूसारखाच मातकट होता, उगाच कशाला निळा सांगू.

लेक म्हणाली, "मग त्याला लालबागला कशाला न्यायचं, आई?"

भाषेचं सांगावं, चार पोरांत खेळेल सांगावं, असं तोंडावर आलं होतं. पण आत्ताच खरं बोलून बसले होते, त्याला जोडून खोटं कसं बोलणार?

"मला हवा होता म्हणून," मी म्हटलं.

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग नाही म्हणायचंस."

"तुला? तू गॅलरीत पाळणा कुठे बांधायचा ते ठरवून आलीस. शेजारच्या काकूंनी मला फोन करून विचारलं, पोराला डास चावतात का, मच्छरदाणी शिवायला टाकते म्हणून. आणि मी कसं म्हणू नाही?"

"काकू म्हणजे ती सावंतवाडीची? तिला दुसरे उद्योग नाहीत."

ती हसली. हसता हसता रडायला लागली, आणि मग लाडू मागितला. मी दिला. अर्धा तिनं खाल्ला, अर्धा माझ्या हातात ठेवला. तो मी खाल्ला. पोटच्या पोरीशी भांडण झालं नाही आणि गोष्ट मिटली, हे मला फार वेळा जमलेलं नाही.

लालबागला परतल्यावर शेजारणीनं जिन्यातच गाठलं. "पोर कधी हाडतलंस?" म्हणजे आणणार कधी. मी म्हटलं, "नाही आणणार. तो त्याच्या आजीकडे राहील."

"आजी तू मा?"

"दुसऱ्या आजीकडे."

ती पहिल्यांदाच गप्प झाली. मग म्हणाली, "मच्छरदाणी शिवून झाली." मी म्हटलं, "दे, मला डास चावतात." अजून तीच वापरते. मला तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवताना धाप लागते, हेही खरं आहे. पोर आलं असतं तर मी ओढलं असतं, पण कसं, ते देव जाणे. हे सगळं आता कळतं. त्या दिवशी गाडीत मात्र मी एवढा विचार केला नव्हता.

गाडी विमानतळावर थांबली. दारात एक माणूस आमची वाट बघत उभा होता, गणवेशातला. त्या टोपीवाल्या मुलीनं कळवलं होतं. तो आम्हाला एका छोट्या खोलीत घेऊन गेला आणि फोन लावून दिला. मागच्या स्टेशनात विहीणबाईंना त्यांच्या लोकांनी आत बसवलं होतं. लेक बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हते, मी तिचं तोंड बघत होते. तोंड आधी आवळलेलं होतं, मग सैल झालं. तिनं फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "उठला होता. खूप रडला. त्या फलाटावर फिरवत होत्या. आता बोट चोखत पडलाय मांडीवर. त्या म्हणतात, घाई करू नकोस, आईला नीट पोचव."

"बसल्या आहेत ना?"

"काय?"

"विचार, खुर्चीवर बसल्या आहेत ना. गुडघे दुखतात त्यांचे."

लेकीनं विचारलं. मग फोन माझ्याकडे दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतात."

"माझ्याशी? काय बोलणार?"

"मला काय माहीत. घे."

मी फोन कानाला लावला. तिकडून "ओकासान" ऐकू आलं. मग नुसता मागे कुठेतरी गाडी गेल्याचा आवाज. मला वाटलं, आता आपणच बोलावं. मराठीत बोलले, दुसरी भाषा कुठून आणू?

म्हटलं, "विहीणबाई, तेल हिवाळ्यात थोडं गरम करून लावा. डोक्याला नको, सर्दी होते." तिकडून "हाय." "गुटी लेक उगाळेल, तिला येते. आठवड्यातून दोनदाच." "हाय." "रडला तर तुम्ही करता तसंच करा. पण भिंतीला टेकून उभ्या राहू नका, तुम्ही पडाल, पोरही पडेल." "हाय." "बाटलीची सवय लावा. मी नको म्हटलं होतं, आता लावा." "हाय." मग मी म्हटलं, "पोर तुमच्याकडे ठेवून चालले आहे. माझं काही म्हणणं नाही."

या वेळी "हाय" आलं नाही. त्या बोलायला लागल्या. हळू, बारीक आवाजात, बराच वेळ. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मी अधूनमधून "हो" म्हणत राहिले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं होतं, मध्येच फोन ठेवणं बरं दिसलं नसतं. शेवटी त्या थांबल्या. मग पोराचा एक चिरका आवाज आला आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?" लेकीनं विचारलं.

"ते तू त्यांना विचार. भूक लागलीय त्याला, जा आता."

खोलीबाहेर आलो तर परतीची गाडी समोरच लागलेली होती. ती माझ्या गळ्यात पडली, फार वेळ नाही. मग जाताना म्हणाली, "तू गाडीत त्यांच्याबद्दल जे बोललीस ते सांगू का त्यांना?"

"सांभाळेल म्हटलं, तेवढं सांग. माझ्यापेक्षा बरी, ते सांगू नकोस."

ती हसत दारात शिरली. सांगितलंच असणार तिनं. तिच्या पोटात काही राहत नाही.